घरी रेसकार बांधताय? या चुका टाळा

नागपुरात फावल्या वेळात रेसकार बांधायला घेणाऱ्यांची सुरुवात बहुतेक एकाच ठिकाणाहून होते: इंजिन. भंगारात निघालेली मारुती ८०० मिळते, तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पोर्चमध्ये येऊन पडतं आणि दुसऱ्याच रविवारी कार्बोरेटर उघडलेला असतो. मीही हेच केलं, पहिले पाच महिने त्यातच गेले. आज कोणी विचारलं तर सांगतो, इंजिनावर ताडपत्री टाका. आधी माणूस बसवा, मग ब्रेक, मग चाकं, इंजिन सगळ्यात शेवटी.

त्या इंजिनाची ताकद कमी पडेल ही भीतीही काढून टाका. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी याच इंजिनावर रेसकार बांधल्या, फॉर्म्युला मारुती नावाचा अख्खा वर्ग त्यावर उभा राहिला आणि नारायण कार्तिकेयनसारखा ड्रायव्हर त्यातून पुढे गेला. हलक्या गाडीत स्टॉक, म्हणजे काहीही न बदललेलं इंजिन पुष्कळ पळतं.

पहिली चूक: फ्रेम आधी, माणूस नंतर

कागदावर फ्रेम सुरेख दिसते. माझे वेल्डिंगवाले चाचा म्हणाले होते, "भाऊ, पाइप कापाच्या आधी हेल्मेट घालून बसून तं पाहा." मी ऐकलं नाही. मागचा मोठा हूप, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी पाइपची कमान, वाकवून आणला, उभा केला, बसलो, तर हेल्मेट हूपच्या वर निघत होतं. तो पाइप गेला, वाकवायची मजुरीही गेली.

आता मी सीट जमिनीवर ठेवतो, मागे कलतं करतो, बूट आणि हेल्मेट घालून बसतो आणि बायकोला खडूने बाजूची आकृती भिंतीवर काढायला लावतो. मागच्या हूपच्या माथ्यापासून पुढच्या हूपच्या माथ्यापर्यंत सुतळी ताणायची. हेल्मेट तिच्याखाली किमान ५० मिमी हवं. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धेत हाच नियम आहे. बेल्टचे खांद्याचे पट्टे सीटच्या मागे जवळजवळ आडवे जायला हवेत. ते तीव्र उतारावर खाली बांधले तर धडक बसल्यावर तुमच्याच पाठीचा कणा दाबतात. हा कोन नंतर सुधारता येत नाही, कारण ज्या पाइपला पट्टे बांधायचे तो पाइप तोवर जोडलेला असतो.

पाइप कोणता, यात बचत करू नका. नळाचा जीआय पाइप स्वस्त पडतो, पण वेल्डिंग करताना त्यावरचं जस्त जळून पांढरा धूर निघतो. तो फुप्फुसात गेला की रात्री ताप भरतो, वर जोडही पोकळ राहतो. सीमलेस, म्हणजे बिनजोडाचा पाइपच घ्या. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमात मागच्या मुख्य हूपसाठी ४५ मिमी व्यास आणि २.५ मिमी जाडी, बाकीच्या पाइपांसाठी ३८ बाय २.५ असं माप आहे. वाकवताना आतली बाजू सुरकुतली असेल तर तो पाइप बाजूला टाका, हातोडीने सारखा करून लावू नका.

आणि एका बाजूने सलग वेल्डिंग करत जाऊ नका. आधी सगळीकडे टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे ठिपके मारा, दोन्ही कर्ण टेपने मोजा, मग थोडं इकडे थोडं तिकडे असं भरत जा. पावसाळ्यात वेल्डिंग रॉड ओल धरतात. वापरायच्या आधी ते वाळवून घ्या, नाहीतर जोडात बारीक छिद्रं पडतात.

इंजिन मागे नेताना

हा भाग निवांत वाचा, कारण इथेच सर्वात जास्त लोक अडकतात. मारुती ८०० चं इंजिन आणि गिअरबॉक्स आडवे बसलेले असतात आणि पुढची चाकं फिरवतात. तो संपूर्ण संच उचलून ड्रायव्हरच्या मागे ठेवता येतो. पण ठेवताना त्याचं तोंड मूळ गाडीत होतं त्याच दिशेला ठेवा. पाइप सोयीचे पडतात म्हणून किंवा सायलेन्सर मागे यावा म्हणून कोणी तो अर्धा वळसा फिरवला, की चाकं उलटी फिरतात: पुढे जायला एकच गिअर उरतो आणि मागे जायला चार.

संच मागे गेला की त्याच्यासोबत पुढचे नकलही (चाकाचा हब ज्यात बसतो ते लोखंडी भाग) मागे येतात, आणि त्यांना स्टिअरिंगचा हात असतो. तो हात मोकळा राहिला तर मागची चाकं वळतील. म्हणून एक छोटा दांडा घेऊन तो हात चेसिसला बांधतात. इथे बारकी चूक होते. हा दांडा नकलला चेसिसशी जोडणाऱ्या खालच्या आर्मशी समांतर आणि त्याच लांबीचा हवा. आखूड असेल तर चाक खड्ड्यात वरखाली झालं की ते आपोआप वळतं आणि गाडी सरळ रस्त्यावर शेपूट हलवते. स्प्रिंग काढून ठेवा, चाक जॅकने वरखाली करा आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेचं अंतर सुतळीपासून मोजा. दर २० मिमीला एक नोंद. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्यात सगळं कळतं.

पुढेही तुम्ही तसलेच नकल वापरणार असाल तर ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून चाक फिरवणारा दांडा, काढून फेकू नका. शाफ्टचा बाहेरचा टोकाचा भाग आणि त्याचा मोठा नट हेच चाकाचं बेअरिंग आवळून धरतात. शाफ्ट कापून टाका, पण ते टोक हबमध्ये ठेवून नट पुरता आवळा. नाहीतर गाडी नुसती ढकलली तरी बेअरिंग खराब होतं.

ब्रेक

पेडल हलकं करणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन मागे गेल्यावर त्याची व्हॅक्यूम नळी लांब पडते, म्हणून बूस्टर काढून टाकतात. मग पेडल दगडासारखं लागतं आणि लोक मास्टर सिलिंडर बदलत बसतात. पेडलच्या लिव्हरचं प्रमाण आधी बघा, म्हणजे सांध्यापासून पाय ठेवायची जागा ही ढकलदांड्यापेक्षा किती पट लांब आहे ते. बूस्टरशिवाय साधारण ६ ला १ लागतं. पुढची चाकं मागच्यांच्या आधी जाम व्हायला हवीत. मागची आधी जाम झाली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. मोकळ्या मैदानात सावकाश वेगात हे तपासा, बघायला बाजूला एक माणूस उभा करा. ब्रेक ऑइल दरवर्षी पावसाळा संपला की बदला: नव्या डॉट ४ चा उकळबिंदू किमान २३० अंश असतो, ओल धरली की १५५ पर्यंत उतरू शकतो.

नागपूरचं ऊन

मे महिन्यात पारा ४५ पार जातो. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मध्ये लांब पाइप: त्यात हवा अडकते, काटा खाली दिसतो आणि हेड तापून वाकतं. पाणी भरायचं तोंड सगळ्यात उंच ठेवा, पाइपाला जिथे उंचवटा येतो तिथे हवा काढायचा स्क्रू लावा. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो, तो मानू नका. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि गार झाल्यावर चालू होते, अशी तक्रार असेल तर पेट्रोलची नळी सायलेन्सरपासून किती दूर आहे ते पाहा. कार्बोरेटरवाल्या गाडीत नळीतच पेट्रोलची वाफ होते.

रस्ता

ही गाडी रिंग रोडवर काढू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत असे बदल करायला मनाई आहे आणि कलम १८९ नुसार सार्वजनिक जागी शर्यत हा गुन्हा आहे. ट्रेलरचा खर्च पहिल्या दिवसापासून धरा.

रविवार ते रविवार

फावल्या वेळाची स्वतःची एक चूक असते. रविवारी संध्याकाळी लाइट जाते किंवा पाहुणे येतात, हातातला पाना खाली ठेवला जातो आणि पुढच्या रविवारी वाटतं की ते झालं होतं. माझा खालच्या बॉल जॉइंटचा बोल्ट असाच हाताने फिरवलेला राहिला. पहिल्याच फेरीत, सायकलच्या वेगात, डावं चाक आडवं पडलं आणि आर्म मातीत रुतला. वेग जास्त असता तर मी हे लिहीत नसतो.

तेव्हापासून सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेकला ८.८ या मजबुतीच्या ग्रेडखालचा बोल्ट लावत नाही, आणि टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळला की त्याच क्षणी बोल्टच्या डोक्यावरून पत्र्यापर्यंत पिवळ्या पेंटची रेघ मारतो. रेघ नाही म्हणजे बोल्ट आवळलेला नाही, मग मला काहीही आठवत असो. रेघ तुटलेली दिसली तर तो फिरलाय. ट्रेलरवर चढवण्याआधी माझी मुलगी टॉर्च घेऊन गाडीखाली जाते आणि मोठ्याने मोजते. एकूण ६४ रेघा आहेत.