दातांच्या एक्स-रेवरून हाडांचा ठिसूळपणा ओळखताना या चुका टाळा

ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) आला की आपण दातांचे डॉक्टर अक्कलदाढ बघतो, मुळांशी काळा डाग आहे का ते बघतो आणि फिल्म पाकिटात जाते. खालच्या जबड्याच्या तळाशी जी दाट पांढरी कड असते, तिच्याकडे नजर जातच नाही. पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या बाबतीत ती कड दाढेइतकीच महत्त्वाची आहे. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाडं आतून विरळ आणि ठिसूळ होतात, पण मनगट किंवा खुबा मोडेपर्यंत बहुतेकींना त्याचा पत्ता लागत नाही. अशा बऱ्याच जणींच्या जबड्याची ही कड तोवर पातळ झालेली असते.

हे कालपरवाचं संशोधन नाही. फिनलंडमधल्या क्लेमेट्टी आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये या कडेचे तीन प्रकार पाडले. आतली रेघ स्वच्छ आणि सलग असेल तर सी-१, रेघेत अर्धचंद्रासारख्या खाचा दिसू लागल्या तर सी-२, आणि कड जाळीदार, थराथराने सुटलेली दिसली तर सी-३. पुढे मँचेस्टर, अथेन्स, लूवेन, ॲम्स्टरडॅम आणि माल्मो या पाच ठिकाणच्या ऑस्टिओडेंट प्रकल्पात ४५ ते ७० वयाच्या ६७१ स्त्रियांचे एक्स-रे तपासले गेले. मँचेस्टरच्या ह्यू डेव्हलिन आणि कीथ हॉर्नर यांच्या गटाने ही कड शोधून तिची जाडी मोजायचं काम संगणकाकडे दिलं. जाडी ३ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर पुढची तपासणी करावी, हा आज सगळीकडे सांगितला जाणारा आकडा अशाच अभ्यासांतून आला.

सोलापुरात याची गरज जास्त आहे असं मी ठामपणे म्हणतो. पूर्व भागात, कुंभारीच्या घरकुलांत हजारो बायका वर्षानुवर्षं सूप मांडीवर घेऊन विड्या वळतात. बाहेर ऊन रणरणत असतं, पण त्यांचा दिवस घरातच बसून जातो. अनेकींना मिश्रीची सवय आहे. तंबाखू, कमी वजन, उन्हाशी न येणारा संबंध आणि पाळी गेल्यानंतरचं वय, ही सगळी हाडांच्या विरोधातली बाजू. या बायका हाडाच्या डॉक्टरकडे पडल्यावरच जातात. दात मात्र आधीच त्रास देतात, त्यामुळे दातांच्या दवाखान्यात त्या आधी येतात. तिथे निघालेला ओपीजी वाया जाऊ नये. आणि त्यावर नको तेवढा विश्वासही टाकू नये.

कडेच्या जाडीलाच निदान समजणं

सगळ्यात मोठी चूक ही. ओपीजी ही चाळणी आहे. कोणाला पुढे पाठवायचं एवढंच ती सांगते. निदान होतं डेक्सा तपासणीत, कंबरेच्या मणक्यांची आणि खुब्याची घनता मोजून. तिथे टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती ते सांगणारा आकडा) उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर हाडं विरळ व्हायला लागलेली. जागतिक आरोग्य संघटनेने ही व्याख्या १९९४ मध्येच पक्की केली. जबड्यावरून टी-स्कोअर काढून देणारं सॉफ्टवेअर कोणी दाखवलं, तरी तो अंदाजच धरा.

उलटी चूकही तितकीच वाईट. कड जाड दिसली म्हणून "तुमची हाडं ठणठणीत आहेत" असं सांगू नका. चाळणीतून काही जणी निसटतातच. ज्या बाईचं मनगट साध्या पडण्याने मोडलंय, तिला कड कितीही छान दिसो, डेक्साला पाठवायलाच हवं.

हिरडीच्या आजारात गेलेलं हाड आणि हे एकच मानणं

"दातांखालचं हाड झिजलंय" असं सांगितलं की घरचे लगेच कॅल्शियमच्या गोळ्या आणतात. पायरियात दातांभोवतीचं हाड जातं ते जंतू आणि सूज यांमुळे. त्याला दात साफ करणं, हिरड्यांवर उपचार आणि मिश्री सोडणं लागतं. ऑस्टिओपोरोसिस सगळ्या सांगाड्याचा आजार आहे आणि त्याची खूण जबड्याच्या तळाशी शोधायची. एकाच फिल्मवर दोन्ही दिसू शकतात. रुग्णाला दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दाखवा, स्क्रीनवर बोट ठेवून दाखवा. गुडघ्यांची झीज हा तर तिसराच विषय.

चुकीची फिल्म

रूट कॅनालसाठी काढलेल्या लहान आरव्हीजीवर (दोन-चार दातांपुरत्या डिजिटल एक्स-रेवर) जबड्याची तळाची कड बहुधा येतच नाही. तिथे सॉफ्टवेअर चालवून उपयोग नाही. इम्प्लांटसाठी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढला असेल तर त्यातल्या करड्या छटांचे आकडे हाडाची घनता म्हणून वाचू नका. ते आकडे मशीनगणिक बदलतात.

रुग्णाला नीट उभं न करणं

संगणकाची म्हणून सांगितली जाणारी अर्धी गडबड खरं तर इथे होते. नथ, कानातली कुडी, वेल, केसांतला आकडा, मंगळसूत्र, सगळं उतरवायचं. कानातल्याची खोटी सावली विरुद्ध बाजूला, थोडी वर उमटते आणि गळ्यातल्याची सावली जबड्यावर येऊ शकते. बऱ्याच मावश्या मंगळसूत्र काढायला तयार नसतात. तेव्हा हुकूम न सोडता सोबतच्या सुनेच्या किंवा लेकीच्या हातात द्यायला सांगा, बहुतेकदा ऐकतात. कवळी काढायची. पुढचे वरचे-खालचे दात चावायच्या पट्टीच्या खाचेतच बसले पाहिजेत. हनुवटी जास्त खाली गेली की दातांची ओळ हसऱ्या तोंडासारखी वाकते, वर गेली की उलटी सपाट होते, आणि दोन्हींत कडेचं माप बिघडतं. दातच नसतील तर हनुवटीचा आधार वापरून डोकं सरळ ठेवायचं. फिल्म काढताना जीभ टाळूला लावून ठेवायला सांगायचं आणि हलायचं नाही हे आधीच समजावायचं.

आता एक गोष्ट, जी मला कोणत्याही आकड्याइतकी मोलाची वाटते. काही आजीबाई मशीनमध्ये ताठ उभ्या राहूच शकत नाहीत. तंत्रज्ञ वैतागतो, मान वर करायला लावतो, मणक्याची पांढरी सावली फिल्मच्या मधोमध येते आणि ओपीजी पुन्हा काढावा लागतो. अशा वेळी थांबा आणि त्या वाकलेल्या पाठीकडे बघा. पाठीला बाक का आला? उंची कमी झालीय का? मणका आतून दबून मोडला असेल तर त्या बाईचा धोका एक्स-रे काढण्याआधीच समोर उभा आहे. तंत्रज्ञाने ही नोंद चिठ्ठीवर करायला शिकलंच पाहिजे.

व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवर माप घेणं

हे रोज चालतं. सेंटरवाला स्क्रीनचा फोटो पाठवतो, डॉक्टर तो सॉफ्टवेअरमध्ये टाकतात आणि ३.६ मिलिमीटर असा आकडा येतो. मूळ फाईल दाबली गेलेली, कडा पुसट झालेल्या, आणि एक पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर ही माहितीच गेलेली. प्रिंटवर पट्टी ठेवून मोजणंही तसंच, कारण प्रिंट बहुतेकदा लहान करून काढलेली असते.

मूळ डायकॉम फाईल (मशीनमधून थेट निघणारी, न दाबलेली) घेतली तरी एक काम उरतं. ओपीजीमध्ये चित्र मुळातच मोठं येतं, साधारण २० ते ३० टक्के. मशीन १.३ पट मोठं दाखवत असेल तर स्क्रीनवरची ३.६ मिलिमीटरची कड प्रत्यक्षात २.८ च्या आसपास असते. म्हणजे जिला "काही नाही" म्हणून घरी पाठवलं, ती प्रत्यक्षात ३ च्या खाली होती. तुमच्या मशीनचं प्रमाण किती ते माहितीपत्रकात बघा, किंवा ५ मिलिमीटरची स्टीलची गोळी सोबत ठेवून एक चाचणी करा. सॉफ्टवेअर हा फरक आधीच वजा करतं का, हेही विक्रेत्याला लेखी विचारा. दोन्हीकडे वजा झालं तर चांगल्या बाईलाही आजारी ठरवाल.

संगणकाने आखलेली रेघ न तपासणं

माप घ्यायची जागा ठरलेली आहे. दुसऱ्या उपदाढेच्या आसपास जबड्यात नस बाहेर पडण्याचं लहान छिद्र असतं, त्याच्या थेट खाली, कडेला काटकोनात. दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी काढायची. सॉफ्टवेअर हे छिद्र स्वतः शोधतं आणि कधी मुळाशी असलेल्या गळवाच्या काळ्या डागालाच छिद्र समजतं. कंठास्थीची सावली कडेवर पडली तर तिलाही कडेत धरतं. त्यामुळे आकडा वाचण्याआधी आखलेली रेघ मोठी करून बघा. चुकली असेल तर हाताने सरकवा, तशी सोय नसेल तर तो निकाल बाजूला ठेवा.

विरळपणा मोजण्यासाठी काही सॉफ्टवेअर हाडाच्या जाळीचं फ्रॅक्टल विश्लेषण करतात, म्हणजे जाळीची नक्षी किती गुंतागुंतीची ते आकड्यात मोजतात. त्यावरच्या अभ्यासांचे निष्कर्ष आपसांत जुळत नाहीत. शिवाय मशीनने चित्र धारदार करायचा फिल्टर लावला की आकडा बदलतो. मी एकट्या त्या आकड्यावर कोणाला पाठवणार नाही आणि कोणाला थांबवणारही नाही.

नव्या, स्वतः शिकणाऱ्या प्रणालींबद्दल विक्रेत्याला दोन प्रश्न जरूर विचारा. ती कोणत्या लोकांच्या एक्स-रेवर शिकली? आणि ती पूर्ण फिल्म बघते की फक्त तळाची कड? पूर्ण फिल्म बघणारी प्रणाली पडलेले दात आणि कॅप बघून वयाचाच अंदाज बांधू शकते. बाईचं वय तर केसपेपरवर आधीच लिहिलेलं असतं.

वय, वजन आणि इतिहास न विचारणं

दातांच्या खुर्चीत बसलेल्या मावशीला कंबरेबद्दल विचारलं की उत्तर येतं, "दाढ दुखलालीय म्हणून आले डॉक्टर, कंबरेचं काय इचारलालाव?" तरी विचारायचं. आशियाई स्त्रियांसाठी २००१ मध्ये मांडलेलं एक सूत्र कागदाच्या कोपऱ्यावर करता येतं: किलोतल्या वजनातून वय वजा करा आणि ०.२ ने गुणा. उत्तर उणे १ च्या खाली गेलं तर धोका आहे, उणे ४ च्या खाली गेलं तर जास्त. ६२ वर्षांच्या, ४५ किलोच्या बाईचं उत्तर उणे ३.४ येतं. हे सूत्र पाळी गेलेल्या स्त्रियांसाठी आहे, तिशीतल्या मुलीला लावू नका.

पिशवी कमी वयात काढली का, त्यासोबत अंडाशयही काढले का, हे नक्की विचारा. खेड्यांतून येणाऱ्या कित्येक बायकांची पिशवी चाळिशीच्या आत गेलेली असते आणि अंडाशय गेले असतील तर हाडांची घट तिथूनच सुरू होते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड चालू आहे का, आई-वडिलांचा खुबा मोडला होता का, थायरॉइड, मूत्रपिंडाचा आजार आहे का? पुरुषांनाही विचारा, विशेषतः तंबाखू आणि दारू असेल तर. शेफिल्ड विद्यापीठाने २००८ मध्ये आणलेल्या, हाड मोडण्याचा धोका सांगणाऱ्या फ्रॅक्स गणकात भारतासाठीही पर्याय आहे. फिजिशियन तो वापरतील, पण माहिती तुमच्या चिठ्ठीतून गेली तर त्यांचं काम सोपं होतं.

फक्त यासाठी ओपीजी काढणं

करू नका. ओपीजीचे किरण कमीच असतात, निसर्गातून दोन-चार दिवसांत मिळतात साधारण तेवढेच. पण दातांचं कारण नसताना तेही द्यायचे नाहीत. आधीच काढलेली फिल्म नीट वाचायची, एवढाच हा विषय. हाडांची शंका आहे आणि दात चांगले आहेत, तर सरळ डेक्सा.

शिबिरातल्या टाचेच्या मशीनने शंका मिटली असं मानणं

मोफत शिबिरात टाच ठेवून मिळणारा आकडा अल्ट्रासाउंडचा असतो. त्यावरही टी-स्कोअर छापलेला असतो, पण उणे २.५ चा निकष त्याला लागू होत नाही. डेक्सासाठी फोन करताना विचारा: कंबर आणि खुबा दोन्ही मोजता का?

पुढच्या गोळ्या-इंजेक्शनं आणि दात

कड पातळ दिसली म्हणून दातांच्या दवाखान्यातूनच औषध सुरू करू नये. पातळ कडेमागे पॅराथायरॉइड ग्रंथीचा आजार किंवा मूत्रपिंडाचा त्रासही असू शकतो, म्हणून कॅल्शियम, फॉस्फरस, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन, गरज पडली तर पीटीएच (पॅराथायरॉइडचं संप्रेरक), या तपासण्या आधी होऊ द्या.

निदान झाल्यावर बिसफॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब ही हाडांची झीज रोखणारी औषधं सुरू होण्याआधी किडके दात काढून, हिरड्या साफ करून घ्या. या औषधांवर असताना दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड उघडं पडून भरत नाही. बिसफॉस्फोनेटबाबत हे २००३ पासून वैद्यकाला माहीत आहे. ऑस्टिओपोरोसिसच्या मात्रेत हा धोका कमी असतो, कर्करोगासाठी दिल्या जाणाऱ्या मोठ्या मात्रेत बराच जास्त. पण या भीतीने कोणी दात काढायचा म्हणून डेनोसुमॅबचं सहा महिन्यांचं इंजेक्शन स्वतःहून चुकवलं, तर मणके मोडण्याचा धोका झपाट्याने वाढतो. दंतवैद्य आणि औषध देणारे डॉक्टर यांनी आपसांत बोलूनच तारीख ठरवावी. वर्षातून एकदा सलाइनमधून मिळणारं झोलेड्रोनिक ॲसिड (हेही बिसफॉस्फोनेटच) रुग्णाच्या लक्षात राहत नाही. "गोळ्या चालू आहेत का?" एवढं विचारून भागत नाही, "हाडांसाठी कधी इंजेक्शन किंवा सलाइन घेतलं का?" असं विचारा.

चिठ्ठी लिहिताना कडेची दोन्ही बाजूंची जाडी, मशीनचं प्रमाण वजा केलं आहे की नाही, सी-१ ते सी-३ पैकी प्रकार, वय, वजन, पाळी कधी गेली, आधीचं फ्रॅक्चर आणि पाठीचा बाक, एवढं मराठीत लिहिलं तरी चालतं. मूळ फाईल पेन ड्राइव्हवर द्या. सिव्हिलला जाणार असेल तर मेडिसिन किंवा अस्थिरोग, कोणत्या ओपीडीत जायचं तेही चिठ्ठीच्या वर मोठ्या अक्षरांत लिहा, कारण चिठ्ठी घेऊन रांगेत उभी राहणारी बहुधा तिची सून असते.