‘माझ्याकडं तर चालतंय!’ गिऱ्हाइकाच्या संगणकावर प्रोग्रॅम अडला की या चुका टाळा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या), तासगावात बेदाण्याचे सौदे, कराडकडच्या गावांत दूध संकलन, साताऱ्यात पतसंस्थेची खतावणी. या कामांची कितीतरी सॉफ्टवेअरं एकट्यादुकट्या प्रोग्रॅमरनं व्हीबी सिक्स, व्हीबी डॉट नेट नाहीतर सी शार्प या प्रोग्रॅमिंगच्या भाषांत लिहिलेली असतात. ती अडली की प्रोग्रॅमर ओळखीच्या प्रोग्रॅमरला फोन लावतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘अरे, माझ्याकडं तर चालतंय!’

अर्धं निदान या वाक्यातच असतं. कोड दोन्हीकडं एकच आहे, म्हणजे फरक संगणकात आहे. तरीही बहुतेकजण आधी कोड उघडतात, चार ओळी बदलतात, नवीन एक्झी (प्रोग्रॅमची चालणारी फाइल) पाठवतात आणि मूळ कारण तिथंच राहतं. आधी संगणकांतला फरक शोधायचा, मग कोडला हात लावायचा.

मदत मागताना अर्धा एरर सांगणं

‘कायतरी ॲक्सेसचा एरर येतोय’ एवढ्यावर कुणालाच काही सांगता येत नाही. मोबाइलवर तिरका काढलेला स्क्रीनचा फोटोही फारसा कामाचा नसतो, कारण नेमका आकडा त्यात कापला जातो. विंडोजच्या मेसेज बॉक्सवर कंट्रोल-सी दाबलं की आतला सगळा मजकूर कॉपी होतो. तो तसाच पाठवा. सोबत चार गोष्टी लिहा: विंडोजची आवृत्ती, ऑफिस ३२ बिट की ६४ बिट, प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरमधून चालतो, आणि लॉगिन ॲडमिनचं आहे की साधं.

मेसेज न येता प्रोग्रॅम नुसताच गायब होत असेल तर इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधलं ‘ॲप्लिकेशन’ पाहा. डॉट नेटचा प्रोग्रॅम कोसळला असेल तर तिथं ‘डॉट नेट रनटाइम’ची १०२६ क्रमांकाची नोंद सापडते आणि शेजारी ‘ॲप्लिकेशन एरर’ची १००० क्रमांकाची. पहिलीत अपवादाचं (प्रोग्रॅम चालताना आलेल्या चुकीचं, म्हणजे एक्सेप्शनचं) नाव आणि कुठल्या फंक्शनमध्ये घात झाला ते असतं.

ट्राय-कॅच या चूक पकडणाऱ्या कोडमध्ये कॅच रिकामा ठेवणाऱ्याला मात्र कुणी मदत करू शकत नाही. नुसता ‘मेसेज’ दाखवणंही अपुरं आहे. अपवादाचं ‘टू-स्ट्रिंग’ तारीखवेळेसह लॉग फाइलमध्ये लिहा. आतला मूळ अपवाद आणि स्टॅक ट्रेस (कुठल्या फंक्शनातून कुठं जाऊन चूक झाली त्याची यादी) त्यातूनच मिळतो.

डेटा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये ठेवणं

या चुकीनं सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण ती लगेच दिसत नाही. विंडोज व्हिस्टापासून साध्या लॉगिनला ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. नव्या व्हिज्युअल स्टुडिओत केलेल्या डॉट नेटच्या प्रोग्रॅमला अशा वेळी ‘ॲक्सेस टू द पाथ इज डिनाइड’ असा सरळ नकार मिळतो. व्हीबी सिक्सच्या जुन्या प्रोग्रॅमला नकार मिळत नाही. त्यात मॅनिफेस्ट (प्रोग्रॅमला कुठले अधिकार हवेत ते विंडोजला सांगणारी नोंद) नसतं, म्हणून जुनी सॉफ्टवेअरं मोडू नयेत यासाठी विंडोज त्याची फसवणूक करतं. लिहिलेली फाइल गुपचूप त्या त्या युजरच्या ‘ॲपडेटा’, ‘लोकल’, ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरात जाते.

मग काय होतं पाहा. मालकांचं लॉगिन वेगळं, दिवाणजींचं वेगळं. दिवाणजी सकाळी वीस पट्ट्या करतात, दुपारी मालक आपल्या लॉगिननं उघडतात तर एकही पट्टी नाही! डेटा उडाला म्हणून आरडाओरडा होतो, कुणीतरी जुना बॅकअप चढवतो आणि खरा घोळ तिथून सुरू होतो. पट्ट्या गेलेल्या नसतात, दिवाणजींच्या व्हर्च्युअलस्टोअरमध्ये सुखरूप असतात. म्हणून डेटा गायब झाल्याची तक्रार आली की आधी प्रत्येक लॉगिनचं हे फोल्डर तपासा आणि तोवर कुणालाही काहीही चढवू देऊ नका.

सगळ्यांचा सामायिक डेटा ‘प्रोग्रॅमडेटा’ फोल्डरमध्ये ठेवा. त्यातही एक मेख आहे. तिथं एका युजरनं तयार केलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, बदलता येत नाही. त्यामुळं इन्स्टॉल करतानाच आपल्या उपफोल्डरवर ‘युजर्स’ गटाला ‘मॉडिफाय’ परवानगी द्यावी लागते, आतल्या फाइली आणि फोल्डरांनाही लागू होईल अशी. शिवाय मॅनिफेस्टमध्ये ‘ॲज-इन्व्होकर’ टाका, म्हणजे विंडोजची ही लपवाछपवी बंद होते आणि चूक असेल तर ती उघड दिसते.

‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ करून द्या, हा सल्ला फार चालतो. तो उपाय नव्हे. ॲडमिन म्हणून उघडलेल्या प्रोग्रॅमला साध्या लॉगिनमध्ये जोडलेला नेटवर्क ड्राइव्ह सहसा दिसतच नाही. मग ‘झेड ड्राइव्ह सापडत नाही’ म्हणून नवा फोन.

तारीख मजकूर म्हणून जोडणं

एसक्यूएलच्या (डेटाबेसला हुकूम द्यायच्या भाषेच्या) वाक्यात टेक्स्टबॉक्समधली तारीख अधिक चिन्हानं चिकटवली की अरिष्ट ठरलेलं. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या डेटाबेसच्या एसक्यूएलमध्ये हॅशच्या दोन खुणांमधली तारीख अमेरिकन पद्धतीनंच वाचली जाते, म्हणजे आधी महिना. कंट्रोल पॅनेलमध्ये भारत निवडलेला असला तरी फरक पडत नाही. ०५/०८/२०२५ म्हणजे आपली ५ ऑगस्ट, ॲक्सेसची ८ मे. आणि १३/०८/२०२५ दिलं तर तेरावा महिना नसल्यानं ते मुकाट्यानं १३ ऑगस्ट धरतं, एरर देत नाही. परिणाम असा की तेरा तारखेपासून महिनाअखेरपर्यंतचे रिपोर्ट बरोबर आणि १ ते १२ तारखेचे चूक, फक्त दिवस आणि महिन्याचा आकडा एकच असलेली तारीख सोडून. गिऱ्हाईक म्हणतं ‘कधी कधी चुकतं’. कधी कधी नाही, महिन्यातले ठरावीक अकरा दिवस चुकतं. अशी तक्रार आली तर चुकलेल्या नोंदींच्या तारखा मागवा, दोन मिनिटांत उलगडा होतो.

उपाय एकच, पॅरामीटर, म्हणजे किंमत वाक्यात न चिकटवता वेगळी पाठवणं. तारीख ‘डेटटाइम’ म्हणूनच पाठवा, तिचा मजकूर करूच नका. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसला मजकूर द्यावाच लागला तर वर्ष, महिना, दिवस असे सलग आठ अंक द्या, मध्ये रेघ नको. रेघ घातलेली तारीख जुन्या ‘डेटटाइम’ प्रकारासाठी लॉगिनच्या भाषेप्रमाणे उलटी वाचली जाऊ शकते.

डॉट नेटमध्ये फॉरमॅट लिहिताना कॅपिटल ‘एम’ म्हणजे महिना आणि स्मॉल ‘एम’ म्हणजे मिनिट. पावतीवर ०५/४२/२०२५ असं काही दिसलं तर बिल किती वाजून बेचाळीस मिनिटांनी झालं एवढंच कळतं. डॉट नेटच्या फॉरमॅटमधली तिरपी रेघही साधी रेघ नाही, तिच्या जागी त्या संगणकाच्या रीजन सेटिंगमधलं चिन्ह येतं. म्हणून एका संगणकावर तिरपी रेघ छापते, दुसऱ्यावर आडवी. दोन्हीकडं एकच हवी असेल तर ‘इनव्हेरियंट कल्चर’ द्या.

रुपया इकडचा तिकडं

व्हीबीचं ‘व्हॅल’ फंक्शन पहिल्या अनोळखी चिन्हाशी थांबतं आणि स्वल्पविराम त्याला अनोळखी आहे. ‘१,२५,०००’ मधून व्हॅल काय काढतं? एक. सव्वा लाखाच्या पट्टीचा एक रुपया, तोही एरर न देता. पैशासाठी ‘डेसिमल’ची ‘ट्रायपार्स’ वापरा. ‘डबल’ पैशासाठी नाहीच, कारण त्यात दहा पैसेसुद्धा बायनरीत नेमके बसत नाहीत.

अडत, हमाली, तोलाई वजा करून पूर्णांक करताना आणखी एक खोडी निघते. डॉट नेटचं ‘मॅथ राउंड’ अर्धा रुपया जवळच्या सम आकड्याकडं नेतं: १,२५२.५० चे १,२५२ होतात आणि १,२५३.५० चे १,२५४. एसक्यूएल सर्व्हरचं ‘राउंड’ डेसिमल रकमेला दोन्ही वेळा वर नेतं. पट्टी सी शार्पमधून आणि दिवसाचा गोषवारा एसक्यूएलमधून काढला की बेरीज रुपयानं चुकते आणि मुनीम रात्री दहापर्यंत तो रुपया शोधत बसतो. ‘राउंड’ला ‘अवे फ्रॉम झीरो’ हा पर्याय द्या, किंवा पूर्णांक एकाच ठिकाणी करून टेबलात साठवा. दुसरा मार्ग जास्त भरवशाचा.

३२ की ६४, हे न ठरवणं

‘एसीई ओएलईडीबी १२.० प्रोव्हायडर इज नॉट रजिस्टर्ड’ हा एरर पाहून लोक ऑफिस पुन्हा टाकतात. प्रोव्हायडर (प्रोग्रॅमला ॲक्सेसच्या फाइलीशी जोडणारा दुवा) बहुधा असतोच, फक्त दुसऱ्या बिटचा असतो. ‘एनी सीपीयू’वर बांधलेला प्रोग्रॅम, ‘प्रिफर ३२ बिट’ची खूण नसेल तर, ६४ बिट विंडोजवर ६४ बिट म्हणून चालतो आणि त्याला ३२ बिट ऑफिसचा प्रोव्हायडर दिसत नाही. प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये बिल्डखाली ‘प्लॅटफॉर्म टार्गेट’ एक्स ८६ करा. डेटा ॲक्सेसच्या जुन्या एमडीबी फाइलमध्ये असेल तर जेट ४.० हा जुना प्रोव्हायडर वापरा. तो फक्त ३२ बिट आहे, पण विंडोजसोबतच येतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. गिऱ्हाइकाकडं ६४ बिट ऑफिस असेल आणि डेटा ॲक्सेसच्या नव्या एसीसीडीबी फाइलमध्ये असेल, तर ६४ बिटचा वेगळा बिल्ड देणं सोपं. दोन बिटचे प्रोव्हायडर जबरदस्तीनं शेजारी बसवत बसू नका.

ओडीबीसीचा डीएसएन (डेटाबेसशी जोडणीची साठवलेली माहिती) करतानाही हाच घोळ होतो. विंडोजमध्ये फोल्डरांची नावं उलटी वाटतात: ‘सिस्टिम ३२’मध्ये ६४ बिट फाइली आणि ‘सिसवाव ६४’मध्ये ३२ बिट. ३२ बिट प्रोग्रॅमसाठी डीएसएन सिसवाव ६४ मधल्या ओडीबीसी प्रोग्रॅमातून करा.

‘व्हीसीरनटाइम १४०’ ही डीएलएल नाही असं आलं तर व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रीडिस्ट्रिब्युटेबल मायक्रोसॉफ्टकडून घेऊन टाका. प्रोग्रॅम ३२ बिट असेल तर एक्स ८६ चंच, विंडोज ६४ बिट असली तरी. कुठल्यातरी साइटवरून सुटी डीएलएल उतरवू नका. नावाच्या शेवटी ‘डी’ असेल तर दोष गिऱ्हाइकाचा नाही, तुम्ही डीबग (चाचणीसाठीचा) बिल्ड पाठवला आहे.

वजनकाटा आणि सिरीयल पोर्ट

काट्याकडून वजन एकसंध येत नाही. ‘डेटा रिसीव्हड’ इव्हेंट एकदा ‘००४’ देतो, पुढच्या वेळी ‘८.६५०’. आलं तेवढं टेक्स्टबॉक्समध्ये टाकलं की ४८.६५० किलोच्या पोत्याचं वजन ८.६५० दिसतं. तुकडे बफरमध्ये जोडत जा, ओळ संपल्याची खूण आल्यावरच वजन वाचा. ती खूण आणि बॉड रेट (डेटा पाठवायचा वेग) काट्याच्या पुस्तिकेतून घ्या, अंदाजानं नको.

हा इव्हेंट वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममधल्या समांतर चालणाऱ्या कामावर) येतो, म्हणून फॉर्मवर सरळ लिहिलं की ‘क्रॉस-थ्रेड’चा एरर येतो. ‘बिगिन-इन्व्होक’ वापरा. साध्या ‘इन्व्होक’नं काम होतं, पण फॉर्म बंद करताना पोर्टही बंद होत असेल तर पोर्ट आणि फॉर्म एकमेकांची वाट पाहत बसतात आणि प्रोग्रॅम गोठतो.

यूएसबी कन्व्हर्टर दुसऱ्या खाचेत लावला की बऱ्याचदा कॉम पोर्टचा नंबर बदलतो. नंबर कोडमध्ये कोरून ठेवू नका, सेटिंगमध्ये ठेवा. पोर्ट आहे तरी ‘ॲक्सेस डिनाइड’ येत असेल तर तो दुसऱ्या प्रोग्रॅमनं धरलाय, बहुतेक वेळा तुमच्याच प्रोग्रॅमची मागं राहिलेली प्रत. टास्क मॅनेजरमध्ये पाहा.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

देवनागरीसाठी विंडोजचं एएनएसआय कोडपेज (अक्षरांना आकडे देणारा जुना तक्ता) नाही. त्यामुळं कॉलम ‘व्हारकॅर’ (जुना मजकूर प्रकार) असेल, किंवा कॉलम ‘एनव्हारकॅर’ (युनिकोड मजकूर) असूनही एसक्यूएलमध्ये लिहिलेल्या मजकुराआधी ‘एन’ नसेल, तर शेतकऱ्याचं नाव सहसा प्रश्नचिन्हं होऊन साठतं. ते परत मिळत नाही. इथंही कॉलम ‘एनव्हारकॅर’ ठेवला आणि पॅरामीटर वापरला की प्रश्न मिटतो. कॉलमची लांबी ठरवताना डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजू नका. ‘ज्ञानेश्वर’मध्ये अक्षरं चार दिसतात, साठवायला जागा दहा लागतात. मधलं नाव आणि आडनाव धरून २० ची मर्यादा ठेवली तर ‘वुड बी ट्रंकेटेड’चा एरर कधीतरी येणारच.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीऐवजी चित्रविचित्र चिन्हं दिसली तर फाइल यूटीएफ-८ मध्ये बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीच्या ओळखखुणेसह) लिहा.

दुसऱ्या टेबलावरून सर्व्हर सापडत नाही

एसक्यूएल एक्सप्रेसचा ‘एरर २६’ म्हणजे पासवर्ड चुकलेला नाही. नाव दिलेला इन्स्टन्सच (संगणकावर चालणारी एसक्यूएल सर्व्हरची प्रत) सापडलेला नाही. या क्रमानं तपासा: सर्व्हरचं आणि इन्स्टन्सचं नाव, एसक्यूएल ब्राउझर सर्व्हिस चालू आहे का, फायरवॉलमध्ये यूडीपी १४३४ उघडा आहे का. त्यानंतर कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये टीसीपी-आयपी चालू करा, एक्सप्रेसमध्ये ते मुळात बंद असतं. बदलानंतर सर्व्हिस पुन्हा सुरू करायला विसरू नका, आणि फायरवॉलमध्ये एसक्यूएल सर्व्हरच्या प्रोग्रॅमलाही परवानगी द्या.

बॅकअप त्याच टेबलाखाली

एसक्यूएल सर्व्हरची एमडीएफ ही डेटा फाइल एक्सप्लोररमधून कॉपी करणं म्हणजे बॅकअप नव्हे. सर्व्हिस चालू असताना ती कॉपी होतच नाही आणि बॅच फाइलमध्ये आलेला तो एरर कुणी वाचत नाही. ‘बॅकअप डेटाबेस’ या हुकमानं बॅक (.bak) फाइल काढा. ती दुकानाबाहेर, शक्यतो वरच्या मजल्यावरच्या घरी किंवा ऑनलाइन ठेवा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. संगणक आणि बॅकअपची हार्ड डिस्क एकाच टेबलाखाली असतील तर अशा वेळी दोन्ही एकदमच जातात.

बॅक फाइल महिन्यातून एकदा दुसऱ्या संगणकावर चढवून पाहा. तिथली एसक्यूएलची आवृत्ती तेवढीच किंवा नवी हवी. एसक्यूएल सर्व्हर २०१९ चा बॅकअप २०१६ वर चढत नाही.