रानडुकरासाठी काडतूस निवडताना कॅलिबरवर भांडू नका, गोळी बघा

टेक्सासमध्ये आपल्या मंडळींत रानडुकराच्या शिकारीचा विषय निघाला की दोन जाणकार हमखास भेटतात. एक सांगतो, .३०८ च्या खाली बोलूच नका (हा आकडा म्हणजे कॅलिबर, ढोबळमानाने गोळीचा व्यास इंचात). दुसरा म्हणतो, कानामागे टिपलं की .२२३ सुद्धा भरपूर. दोघंही तासभर वाद घालतात आणि दोघांपैकी एकाच्याही तोंडून हे निघत नाही की काडतुसाच्या टोकाला बसवलेली गोळी कोणत्या जातीची आहे. नवखा माणूस मग दुकानात जाऊन सगळ्यात स्वस्त डबा उचलतो.

रायफल तुमच्याकडे आहे, ती सुरक्षितपणे हाताळता येते आणि शंभर यार्डांवर नेम बऱ्यापैकी बसतो, हे गृहीत धरून पुढचं लिहितोय.

आधी कागद

खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने रानडुक्कर मारायला टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०१९ पासून शिकारीचा परवाना लागत नाही. हे ऐकून एच-वन-बी वाले निर्धास्त होतात, आणि तिथेच फसतात. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्याने रायफल तर सोडाच, काडतुसांचा डबासुद्धा जवळ बाळगता येत नाही. यातून सुटायचा नेहमीचा रस्ता म्हणजे कोणत्याही राज्याचा वैध शिकार परवाना. तेव्हा डुकराला लागत नसला तरी तुम्हाला लागतो. डबा विकत घेण्याआधी काढा. टेक्सासचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो, हेही ध्यानात ठेवा. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. आणि यातलं काहीही गावाकडच्या शेताला लावू नका. तिथलं रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही.

नळीवर कोरलेलं वाचा

नळीवर जे कोरलंय तेच काडतूस घ्यायचं, संपला विषय. एकच गोष्ट ओरडून सांगतो. .३०० ब्लॅकआउट आणि .२२३ ही दोन्ही एकाच मॅगझिनमध्ये (रायफलीला लावायच्या काडतुसांच्या पेटीत) बसतात, आणि ब्लॅकआउटचं काडतूस कधीकधी .२२३ च्या रायफलीत आतपर्यंत जातंही. चाप ओढला की रायफल तोंडासमोर फुटते. घरात दोन्ही असतील तर मॅगझिनचे रंग वेगळे ठेवा, आणि एका फेरीला एकच रायफल न्या.

गोळी: इथे वेळ घालवा

याच पायरीवर मी सगळ्यात जास्त अडखळलो, कारण डब्यावर ठळक छापलेलं असतं कॅलिबर आणि ग्रेन. ग्रेन हे वजन दारूचं नव्हे, गोळीचं. साधारण साडेपंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. पण ६२ ग्रेनच्या दोन गोळ्या डुकराच्या अंगात शिरल्यावर अगदी उलट वागू शकतात, ते या आकड्यांतून कळत नाही. ते कळतं डब्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेल्या बांधणीवरून.

आधी जनावर समजून घ्या. डुकराचं काळीज आणि फुप्फुसं हरणापेक्षा खाली आणि पुढे असतात, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्ये. हरणाच्या सवयीने फऱ्याच्या मागे नेम धरलात तर गोळी पोटात जाते आणि डुक्कर मेस्कीटच्या झाडीत शिरून तासन्‌तास तडफडतं. (मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची बहीणच. त्या काट्यांत रात्री जखमी डुक्कर शोधायची हौस कुणाला नसावी.) म्हणजे नेम फऱ्यावरच धरायचा. आणि मोठ्या नराच्या फऱ्यावर कातडीखाली असते ढाल: वय आणि मारामाऱ्यांनी घट्ट होत गेलेला कुर्च्यासारखा थर, थोराड नरात इंचभर किंवा त्याहूनही जाड. सोलताना सुरी तिथे अडते, पातं कुरकुरतं, आणि आतून पांढरटपिवळा, रबरासारखा चिवट थर दिसतो. एका नराच्या या थरात मला तांब्याच्या आवरणाचे नखाएवढे तुकडे सापडले. आदल्या कुणीतरी मारलेली गोळी आत पोचण्याआधीच फुटली होती, आणि वर जखम भरूनही आली होती.

फुटणारी ती गोळी म्हणजे ‘व्हार्मिंट’ जातीची. पातळ आवरण, कायोटी (कोल्ह्यासारखं जनावर) किंवा त्याहून लहान जनावरांसाठी, लागताक्षणी चुरा व्हावी म्हणूनच बनवलेली. तिला डुकरावर वापरणं हा क्रूरपणा आहे. याच्या उलट टोकाला फुल मेटल जॅकेट, म्हणजे एफएमजे: शिशाचं टोकही धातूच्या आवरणात झाकलेली गोळी. स्वस्त, सगळीकडे मिळणारी, आणि ‘मिलिटरी वापरते’ म्हणून मिरवली जाणारी. ती अनेकदा उमलत नाही, म्हणजे आत शिरल्यावर पसरून रुंद होत नाही, बारीक भोक पाडून पलीकडे निघून जाते. डुकराची चरबी आणि केस ते भोक बुजवतात, रक्ताचा माग राहत नाही. शिवाय पलीकडे उभं असलेलं दुसरं डुक्कर किंवा रँचवाल्याची गाय तिच्या वाटेत असू शकते. शिकारीला एफएमजे नको. यावर मी वाद घालत नाही.

उरतात तीन: साधी सॉफ्ट पॉइंट (टोकाशी शिसं उघडं ठेवलेली), बाँडेड (शिसं आणि आवरण एकजीव केलेली) आणि अख्ख्या तांब्याची. माझा नियम सरळ आहे: कॅलिबर जितकं लहान, तितकी गोळी महागाची. .२२३ असेल तर बाँडेड किंवा तांब्याचीच, ५५ ते ६४ ग्रेनमधली, दुसरं काही नको. ६२ ग्रेनच्या .२२३ ची ऊर्जा नळीच्या तोंडाशी जेमतेम साडेबाराशे फूट-पाउंड असते. त्यातला थेंबही वाया घालवायची ऐपत नाही. .३०८ मध्ये हाच आकडा दुपटीहून जास्त. तिथे १५० किंवा १६५ ग्रेनची साधी, हरणासाठी विकली जाणारी सॉफ्ट पॉइंट उत्तम काम करते. डब्यावर रागीट डुकराचं चित्र आणि दीडपट किंमत असेल तर ती त्या चित्राचीच समजा. ६.५ क्रीडमूर आणि जुनी .३०-३० या काडतुसांतही साधी सॉफ्ट पॉइंट चालते. .२४३ वाल्यांनी मात्र ९५-१०० ग्रेनच्या खाली उतरू नये. त्याहून हलक्या बऱ्याच गोळ्या पुन्हा व्हार्मिंटच्याच निघतात.

तांब्याच्या गोळीची एक अट आहे: तिला वेग लागतो. बहुतेकींना उमलायला लक्ष्यावर पोचताना सेकंदाला १,८०० ते २,००० फूट तरी वेग हवा. नेमका आकडा कंपनी देते, तो बघा. डब्यावरचा वेग लांब नळीतून मोजलेला असतो. तुमची सोळा इंची असेल तर त्यात बरीच घट धरा. ब्लॅकआउटचं सबसॉनिक (ध्वनीपेक्षा मंद) काडतूस तर हजार फुटांच्या आसपासच चालतं. आवाज कमी म्हणून नवशिके त्याच्यावर भाळतात. मंद वेगात उमलण्यासाठी खास बनवलेली गोळी नसेल तर तुम्ही नुसतं भोक पाडताय. ब्लॅकआउटमध्ये ११० ग्रेनची वेगवान तांब्याची घ्या आणि कानाला संरक्षण लावा.

आता ते ‘कानामागे’. ज्याला जमतं त्याला जमतं. पण मक्याच्या फीडरखाली (आमिषाचा मका टाकणाऱ्या यंत्राखाली) डुकराचं डोकं क्षणभर स्थिर नसतं. दोन इंच चुकलं की जबडा तुटतो आणि ते जनावर उपाशी मरतं. हलक्या गोळीची लाज झाकायला हा सल्ला दिला जातो, म्हणून तो मला खपत नाही.

नळीचा पीळ

तांब्याची गोळी त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असते, आणि लांब गोळीला नळीच्या आतल्या चरांचा घट्ट पीळ लागतो. १:७ म्हणजे सात इंचांत एक फेरा; दुसरा आकडा जितका लहान, तितका पीळ घट्ट. .२२३ च्या नळीवर १:७, १:८ किंवा १:९ असेल तर बिनधास्त. जुन्या बोल्ट रायफलीवर १:१२ दिसला तर ६२ ग्रेनची तांब्याची विसरा.

रेंजवर

दोन वेगवेगळे डबे आणा, शंभर यार्डांवर तीन-तीन गोळ्यांचे गट पाडा, जो आवळ बसेल तो ठेवा. नेम त्याच काडतुसावर पक्का करा आणि त्याच लॉटचे आणखी दोन डबे घेऊन ठेवा.

मटण खाणार असाल तर

शिशाची गोळी फुटली की बारीक कण जखमेपासून लांबवर मांसात जातात. जखमेभोवतीचं मांस सढळ हाताने कापून टाका, नाहीतर तांब्याची वापरा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाविना गोळीच चालते, तेव्हा तिथल्यांपुढे पर्याय नाही. सोलताना रबरी हातमोजे घाला, या डुकरांत ब्रुसेलोसिस (माणसालाही होणारा जंतुसंसर्ग) असतो. आणि रस्सा कितीही झणझणीत असला तरी मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सियसला शिजलं पाहिजे.

सरावाला स्वस्त एफएमजे खुशाल वापरा, पण तो डबा घरीच ठेवा. गाडीत दोन प्रकारची काडतुसं असली की अंधारात मॅगझिन भरताना त्यांची सरमिसळ होते, आणि दोन्हींचा नेम एका जागी बसत नाही.