'डिव्होटेड टू'च्या पुढं काय येतं, यात माझी दोन वर्षं गेली

बँकेच्या परीक्षांची नवीन तयारी सुरू केलेल्यांसाठी लिहितेय, त्यातही आपल्यासारख्या मराठी मीडियमवाल्यांसाठी, ज्यांचं गणित आणि रिझनिंग निघून जातं आणि इंग्रजीत गाडी रुतते. व्ही वन (क्रियापदाचं मूळ रूप), व्ही थ्री, प्रिपोझिशन (शब्दयोगी अव्यय) वगैरे तुम्हाला येतं असं धरूनच चालते.

क्लासच्या पहिल्याच आठवड्यात मी वहीत लाल पेनानं चौकट आखून लिहून घेतलं होतं, 'टू प्लस व्ही वन'. वॉन्ट टू गो, लाईक टू रीड, ट्राय टू लर्न. नियम बरोबरच आहे, पण तो कुठं चालत नाही हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मग डिव्होट टू, डेडिकेट टू, कमिटेड टू असले शब्द आले, अर्थ सोपा, एखाद्या गोष्टीला स्वतःला वाहून घेणं, पाठ केलं आणि पुढं गेले. त्यात वाचायला मिळायचं 'शी इज डिव्होटेड टू वर्क', 'ही डिव्होटेड हिज टाईम टू स्टडी'. वर्क आणि स्टडी बघून मला वाटायचं, झालं की, टू प्लस व्ही वन, आपला नियम बरोबर.

इथंच सगळा घात आहे, म्हणून जरा थांबून वाचा. त्या वाक्यातलं वर्क हे क्रियापद नाहीच, ते नाम आहे, 'काम'. स्टडी म्हणजे 'अभ्यास करणे' नव्हे, नुसता 'अभ्यास'. दोन्ही रूपं दिसायला सेम असल्यामुळं चूक पकडलीच जात नाही. ज्या दिवशी लर्न, इम्प्रूव्ह असा शब्द येतो त्या दिवशी आपण डोळे झाकून 'डिव्होटेड टू लर्न' लिहितो आणि ते चूक असतं. पाहिजे 'डिव्होटेड टू लर्निंग'. कारण हा टू प्रिपोझिशन आहे, त्याच्यापुढं नाम पाहिजे, आणि क्रियापदच आणायचं असेल तर आयएनजी लावून त्याचं नाम करून आणायचं.

मला हे कळलं ते एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या इंटरव्ह्यूत. तयारीसोबत नोकरी असावी म्हणून ऑफिस असिस्टंटला अर्ज टाकला होता, त्यात मोठ्या मनानं लिहिलेलं, 'आय ॲम डिव्होटेड टू लर्न अँड कमिटेड टू इम्प्रूव्ह मायसेल्फ'. समोरच्या मॅडमनी पेन्सिलनं लर्न आणि इम्प्रूव्हभोवती दोन गोल केले, कागद माझ्याकडं सरकवला आणि विचारलं, काय चुकलंय सांगता येईल का? मला नाही सांगता आलं. येताना केएमटीत, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सिटी बसमध्ये, बसून सगळा रस्ता ते दोन गोल बघत होते. घशात आवंढा होता. त्या रागावल्या नव्हत्या, पण दोन वर्षं अभ्यास करून मला माझ्याच वाक्यातली चूक दिसत नव्हती, त्याचं वाईट वाटत होतं.

मी मंगळवार पेठेत आत्याकडं राहायचे. तिथल्या अभ्यासिकेत एक ताई होती, तिचं तेव्हा प्रिलिम्स निघालं होतं, मेन्स बाकी होती. तिनं पाच मिनिटांत सोडवलं. म्हणाली, टूच्या पुढं 'इट' (it, म्हणजे 'ते', खाण्याचं ईट नव्हे) ठेवून बघ. 'आय ॲम डिव्होटेड टू इट' चालतं, म्हणजे आयएनजी. 'आय वॉन्ट टू इट' चालत नाही, म्हणजे व्ही वन. बास. माझं तर मत झालंय की आपल्यापेक्षा एकच पायरी पुढं असलेल्या माणसाला विचारावं, लांब गेलेल्यांना आपण कुठं अडतोय ते आठवत नाही. आणि ते टेलिग्रामवरचे '५०० फ्रेझल व्हर्ब्स' पीडीएफ, माझ्याकडं चार होते, चारहीत डिव्होट टूसमोर नुसता अर्थ, पुढं काय येतं त्याचा पत्ता नाही. वेळ घालवू नका त्याच्यात.

नंतर मला एक गोष्ट स्वतःहून सापडली. आपण 'शिकायला वाहून घेतलं' असं म्हणत नाही, कानाला खटकतं. 'शिकण्याला वाहून घेतलं' म्हणतो. म्हणजे मराठीत जिथं 'ण्याला' येतं तिथं इंग्रजीत आयएनजी, आणि 'शिकायला आवडतं'मधल्या 'यला'ला व्ही वन. कान आपला तयारच आहे, भिऊ नका. फक्त ही युक्ती वाहून घेण्याच्याच शब्दांना लावा, 'यूज्ड टू'ला लावू नका, तिथं 'लवकर उठायची सवय आहे' होतं आणि परत गोंधळ. तिथं 'इट'चीच टेस्ट करा.

वाक्यं आपल्या गावची करा, लक्षात राहतात. 'शाहू महाराज डिव्होटेड हिज रेन टू एज्युकेटिंग द पुअर.' १९०२ सालचा ५० टक्के आरक्षणाचा हुकूम आपण शाळेपासून पाठ करतो, त्याला हे वाक्य जोडलं की एज्युकेटिंग विसरणं शक्य नाही. घराजवळच्या तालमीत पोरं पहाटे जोर मारायची, त्यांच्यावरून केलं, 'दे हॅव डेडिकेटेड देमसेल्व्ह्ज टू रेसलिंग'. इथं देमसेल्व्ह्ज लागतंच बरं का, डेडिकेट आणि डिव्होटला कर्म पाहिजे, वेळ, आयुष्य किंवा स्वतः. नुसतं 'आय डिव्होटेड टू स्टडी' लिहिलं की गेलं. 'डिव्होटेड फॉर' तर अजिबात नाही. कंबर कसणं या अर्थाचं 'बकल डाऊन टू' पण याच घरातलं, पुढं नाम किंवा आयएनजी.

कमिटचं जरा वेगळं आहे. 'दे कमिटेड टू पे' असं पेपरात छापून येतं, ते बघून बिथरू नका, 'बी कमिटेड टू' असेल तर आयएनजीच धरा.

क्लर्क प्रिलिम्सला इंग्रजीचे ३० प्रश्न, २० मिनिटं, चुकलं की पाव मार्क कट. एरर स्पॉटिंगमध्ये टू दिसला की एवढंच बघा की तो कुठला टू. खरंच पाच सेकंदांचं काम आहे, मला जमलं तर तुम्हाला जमेलच, पण 'माहीत आहे' म्हणून पुढं सरकू नका, मी तेच केलं होतं. आज रात्री वही काढा, डिव्होट, डेडिकेट, कमिटेड, तिन्हीची तीन-तीन वाक्यं लिहा, आणि त्यात वर्क, स्टडी, रिसर्च हे शब्द वापरायचे नाहीत.