देवी की मावा? खपलीची तपासणी होऊ द्या

बकरी ईद जवळ आली की मुंबईत देवनारच्या जनावर बाजारात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशातून बोकडांचे ट्रक लागतात. गोवंडी, मालवणी, भिवंडीकडचे पाळणारे तिथून जनावर आणतात आणि सरळ घरच्या शेळ्यांत सोडतात. शेळ्यांच्या देवी रोगाला, म्हणजे ताप आणि अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूच्या आजाराला, शिरायला एवढी वाट पुरते.

घेताना दात आणि वजन सगळेच बघतात, शेपूट कुणी उचलत नाही. ती उचला. शेपटीखाली, काखेत, जांघेत, सडांजवळ, म्हणजे केस विरळ असतात तिथं आधी लाल ठिपके आणि मग टणक गाठी दिसतात. त्याआधी काही दिवस ताप चढतो, 40 अंश सेल्सिअसच्या वर. मावा हा शेळ्यांचा दुसरा विषाणूचा आजार, त्याच्या खपल्या बहुतेक ओठांच्या कडेला येतात. पण देवीतही ओठ सुटत नाहीत, त्यामुळे नुसत्या नजरेवर जाऊ नका. विकणारा तर दोन्हीला ‘उष्णतेचं आहे’ म्हणून मोकळा होतो. दोन्ही विषाणू पॉक्स घराण्यातलेच, तरी देवीची लस माव्याला चालत नाही. मावा माणसाच्या बोटांनाही होतो, म्हणून हातमोजे घाला.

संशय आला की जनावरांच्या उपचारासाठीच्या 1962 या क्रमांकावर फोन करा किंवा जवळच्या पशुवैद्यकांना बोलवा. ते येईपर्यंत जांभळं औषध, हळद, तेल काहीही फासू नका, नमुना खराब होतो. गाठीचा तुकडा किंवा खपली स्वच्छ डबीत, बर्फावर जाते. रक्त ईडीटीएच्या, म्हणजे ते गोठू न देणाऱ्या, नळीत. दुसरा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवतात, तो फक्त सूक्ष्मदर्शकासाठी. त्यातून विषाणू वाढत नाही, म्हणून दोन्ही डब्यांवर चिठ्ठी हवीच. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. नमुना कुठं पाठवायचा ते डॉक्टर ठरवतील.

प्रयोगशाळेत विषाणू वाढवून बघायचा असेल तर नमुना लक्षणांच्या पहिल्या आठवड्यातला लागतो. पुढे अंगात प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, तयार होतात आणि विषाणू हाती लागत नाही. पीसीआरला, म्हणजे विषाणूची जनुकं शोधणाऱ्या चाचणीला, उशिराची खपलीही चालते आणि उत्तर लवकर मिळतं. विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढवायचा म्हटलं तर परिणाम दिसायला 4 ते 14 दिवस जातात. नुसत्या रक्तजलातल्या (रक्ताच्या पातळ भागातल्या) प्रतिपिंडांवरून शेळीची देवी, मेंढीची देवी आणि गाईंचा लंपी वेगळे ओळखता येत नाहीत, इतके ते सख्खे. 2022 मध्ये लंपी पसरला तेव्हा गाईंना शेळीच्या देवीचीच लस टोचली होती, आठवत असेल.

अहवाल येईपर्यंत आजारी जनावर वेगळं ठेवा, विकू नका. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या 2009 च्या कायद्यानं देवी रोग कळवणं बंधनकारक आहे. नवीन बोकड निरोगी दिसला तरी 21 दिवस बाजूला बांधा. त्याची बादली, दोरी वेगळी, आणि चारा घरच्या शेळ्यांना आधी घालून मग त्याच्याकडे जा. देवीची लस घरच्या निरोगी शेळ्यांना खरेदीच्या तीनेक आठवडे आधीच द्या, प्रत्येकीला नवी सुई. ट्रकमधून उतरल्या उतरल्या टोचून लगेच संरक्षण मिळत नाही.

गळलेल्या खपलीतला देवीचा विषाणू सावलीच्या वाड्यात सहा महिनेही टिकू शकतो, आणि आपल्याकडच्या पत्र्याच्या खोपटांत ऊन येतंच कुठं? लेंड्या, उरलेला पाला आधी खरवडून काढा. घाणीवर ओतलेलं औषध वाया जातं. मग सोडियम हायपोक्लोराइटचं 2 ते 3 टक्क्यांचं द्रावण जमिनीवर, गव्हाणीवर आणि दाराच्या उंबऱ्यावर मारा.