मिनिएचरवर ट्रॉफी लावताय? या चुका टाळा

वॉरहॅमर ४०,००० म्हणजे टेबलावर छोट्या मूर्तींच्या (मिनिएचरच्या) फौजा लढवण्याचा खेळ. त्यातल्या राक्षसी ऑर्कच्या कमरेला स्पेस मरीन या चिलखती सैनिकाचं हेल्मेट लटकवलं की तो ऑर्क लगेच चार लढाया जास्त पाहिलेला वाटतो. त्यामुळे वॉरहॅमर ४०,००० खेळणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी ट्रॉफीची, म्हणजे हरवलेल्या शत्रूची वस्तू मिरवायची, हौस येते. अडचण अशी की बहुतेक फौजांवरची हेल्मेटं चिकटवलेली दिसतात, जिंकून आणलेली वाटत नाहीत. त्यामागे तीच ती ठरावीक कारणं असतात.

हेल्मेट कुणाचं, हे न ठरवता लावणं

सगळ्यात मोठी चूक हीच. बिट्सच्या, म्हणजे सुट्या भागांच्या, डब्यातून हाताला लागेल ते डोकं उचलायचं, त्यावर करडा किंवा हाडाचा रंग फासायचा आणि पट्ट्याला चिकटवून मोकळं व्हायचं. पाहणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. तेच हेल्मेट निळं असेल तर अल्ट्रामरीन्स, पिवळं असेल तर इम्पीरियल फिस्ट्स, लाल असेल तर ब्लड एंजल्स, हे दोन हात लांबूनही ओळखू येतं. तुमच्या मित्राने स्वतःचं चॅप्टर, म्हणजे मरीनांचं असंच एखादं पथक, बनवलं असेल तर रंगांची नावं त्यालाच विचारा. बेसकोट (पहिला थर) आणि वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) एवढे दोन जुळले तरी काम भागतं.

त्याहून चांगलं म्हणजे जिंकल्यावर त्याच्याकडूनच एक तुकडा मागून घ्यावा. मरीनच्या बहुतेक डब्यांत धडांपेक्षा डोकी जास्त येतात, त्यामुळे समोरच्याकडे ती पडूनच असतात. मागायची मात्र शिल्लक बिट्समधून. त्याच्या उभ्या मिनिएचरकडे बोट दाखवून "हे कापून दे" म्हणणं गमतीतही बरं दिसत नाही. आणि त्याने रंगवलेला तुकडा दिला तर तो पुन्हा रंगवू नका! त्याच्या ब्रशचे फटकारे तुमच्यापेक्षा वेगळे दिसतात, आणि तोच त्या तुकड्याचा पुरावा आहे. वरून वॉर्निश, थोडा चिखल, एखादा ओरखडा, बस्स.

क्रुसेड पद्धतीने खेळत असाल, म्हणजे २०२० च्या नवव्या आवृत्तीत आलेला, तुकड्यांना अनुभव आणि सन्मान मिळत जाणारा प्रकार, तर ट्रॉफी त्या नोंदींच्या मागोमाग चढवा. पहिल्याच सामन्याला पाच मुंडकी घेऊन आलेला सरदार दुसऱ्याच फेरीत मेला की टेबलाभोवती जे हसं होतं, त्याला जबाबदार आपणच.

आपली फौज ट्रॉफी घेते का?

ऑर्क घेतात, खॉर्न या रक्तपिपासू देवाचे भक्त घेतात, क्रूर ड्रुकारी तर त्यासाठीच छापे घालतात. पण प्रत्येकाची रीत वेगळी. खॉर्नला कवटी लागते, नुसतं रिकामं हेल्मेट वाहून त्याचं समाधान व्हायचं नाही. ऑर्कांमध्ये दात हेच चलन, त्यामुळे ऑर्क विरुद्ध ऑर्क सामना झाला असेल तर हेल्मेट शोधत बसण्यापेक्षा दातांची माळ करा. टायरॅनिड या किड्यांसारख्या प्राण्याच्या अंगावर लटकवलेली कवटी मला तरी कधी पटलेली नाही. जो थवा अख्खा ग्रह पचवून टाकतो, तो आठवण म्हणून काय ठेवणार? उलट अल्ट्रामरीन्सकडे टायरॅनिडांशी लढून आलेल्या जुन्या सैनिकांच्या तुकड्या आहेत, त्यांच्या अंगावर किड्याची नखं आणि कवचाचे तुकडे शोभतात. टाऊ फौज असेल तर ट्रॉफी त्यांच्या रानटी सोबत्यांच्या, क्रूटच्या, अंगावर द्या, टाऊच्या स्वच्छ चिलखतावर नको. धातूच्या सांगाड्यांची नेक्रॉन फौजही या भानगडीत पडत नाहीत, अपवाद शत्रूची कातडी पांघरणाऱ्या फ्लेड वन्सचा आणि सोलेम्नेसवर अख्खं संग्रहालय मांडून बसलेल्या ट्रेझिनचा.

मान उघडी राहणं

इथे थोडा वेळ थांबायला हवं, कारण ट्रॉफी खोटी वाटण्याचं तांत्रिक कारण नव्वद टक्के वेळा हेच निघतं. प्लास्टिकच्या डोक्याला खाली मानेचा गोल खुंट असतो, धडाच्या खाचेत बसणारा. तो तसाच ठेवून हेल्मेट पट्ट्याला लावलं की उलट्या बाजूने तो गुळगुळीत गोळा दिसतो आणि सगळी मजा जाते.

आधी ठरवा: हेल्मेट रिकामं आहे की आत डोकं आहे?

रिकामं असेल तर खुंट कापून सपाट करा. मग पिन व्हाइसला (हाताने फिरवायच्या छोट्या ड्रिलला) २ मिमीचा बिट लावून खालून हलक्या हाताने पोखरा. कडेला बारीक गोल काठ राहिला पाहिजे. बिट जोरात दाबलात तर काठ फुटतो, म्हणून बोटांनीच सावकाश फिरवा आणि मध्ये मध्ये भुगा झटका. आत काळा रंग भरला की हेल्मेट पोकळ वाटतं.

आत डोकं असेल तर खुंटावर ग्रीन स्टफचा (दोन रंगी पट्टी मळून वापरायच्या पुट्टीचा) डाळीएवढा गोळा बसवा आणि ओल्या सुईने कडा ओढून फाटल्यासारख्या करा. ग्रीन स्टफची पट्टी कापताना मधली, निळा-पिवळा एकमेकांना चिकटलेली रेघ काढून टाका. तिथे आधीच घट्ट झालेले कण असतात आणि बारीक कामात तेच नडतात. पुरतं कडक व्हायला एक दिवस द्या. ग्रीन स्टफ नसेल तर एम-सील चालतं, पण ते लवकर आवळतं आणि बारीक कडा धरत नाही. मानेचा भाग भरायला ठीक, केस किंवा कातडीच्या चिंध्या करायला नाही.

भाल्यावर किंवा खांबावर मुंडकं टोचायचं असेल तर नुसतं टोकावर चिकटवू नका. पहिल्या धक्क्याला पडतं. मानेतून १ मिमीचं भोक पाडा, पण सरळ वर न जाता थोडं तिरकं, म्हणजे डोकं एका बाजूला कललेलं बसेल. भोक टाळूपर्यंत नेलंत तर पितळी तारेचं टोक वरून बाहेर येऊ द्या आणि पकडीने तिरपं छाटा. पेपर क्लिपची तारही चालते, फक्त कापायला त्रास देते.

गुरुत्वाकर्षण विसरणं

साखळीला लटकवलेली कवटी हवेत आडवी थांबलेली दिसली की डोळ्याला खटकतं. इमिटेशन ज्वेलरीच्या दुकानात मिळणारी सगळ्यात बारीक साखळी घ्या, तुळशीबागेत किंवा भुलेश्वरला ती सहज मिळते. आधी ती मिनिएचरवर अडकवा, मिनिएचर ज्या स्थितीत उभं राहणार त्याच स्थितीत धरा, साखळी आपोआप पडू द्या आणि मगच फेविक्विकचा थेंब टूथपिकने सोडा. बाटलीतून थेट नको, कड्या भरून जातात आणि साखळीची काठी होते. दोरी हवी असेल तर जुन्या वायरमधले दोन तांब्याचे केस एकत्र पिळा. रंगवल्यावर दोऱ्यापेक्षा छान दिसतात, आणि दोऱ्यासारखे तंतूही सुटत नाहीत.

गोंदाच्या तक्रारी

पडतंय? प्लास्टिक सिमेंट फक्त पॉलिस्टायरीनला धरतं, कारण ते प्लास्टिक विरघळवून जोडतं. रेझिन किंवा धातूला सुपरग्लूच लागतो. रंगावर सिमेंट लावलं असेल तर तेही धरणार नाही, तिथला रंग खरवडा. सांध्याभोवती पांढरी बुरशीसारखी झाक आली असेल तर ती सुपरग्लूची वाफ, त्यावर चकचकीत वॉर्निशचा पातळ हात दिला की बहुतेक वेळा जाते. सेकंडहँड बिट्सचा रंग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, ॲसिटोन प्लास्टिकच खातं. डेटॉलमध्ये बुडवून ठेवता येतं, पण बाहेर काढल्यावर लगेच पाण्याखाली धरलंत तर रंगाचा चिकट लगदा होतो. आधी कोऱ्या डेटॉलमध्येच जुन्या टूथब्रशने घासा, पाणी नंतर.

आणि जुलैत, कोकणात किंवा मुंबईत, स्प्रे प्रायमर मारण्याचा हट्ट सोडा. दमट हवेत तो दाणेदार बसतो, मॅट वॉर्निश पांढुरकं पडतं. पावसाळ्यापुरता ब्रशने लावायचा प्रायमर बरा. वॉर्निश आधीच पांढुरकं झालं असेल तर वरून ग्लॉसचा एक हात देऊन पुन्हा मॅट मारून पाहा.

रंगवताना ट्रॉफीला नायक करणं

पाहणाऱ्याची नजर आधी जिंकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जायला हवी. पिवळंधमक हेल्मेट कमरेला आणि वर फिक्या हिरव्या रंगाचा ऑर्क, म्हणजे हेल्मेटच नायक. म्हणून ट्रॉफी सुटी रंगवा, टूथपिकवर खोचून, आणि मूळ रंग ओळखू येईल एवढाच ठेवून त्यावर सिटाडेल कंपनीच्या अग्रॅक्स अर्थशेडसारखा तपकिरी वॉश द्या. स्पंजच्या तुकड्याने कडांना खरचटवा. शेवटचा हायलाइट चेहऱ्यासाठी राखा. हाडांसाठी त्याच कंपनीचा झांड्री डस्ट रंग, वर तपकिरी वॉश, मग उशाब्ती बोन रंगाचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हात). याहून जास्त कष्ट कवटीवर घेऊ नयेत.

रक्ताबद्दल हात आखडता. ताजं रक्त चमकतं, म्हणून त्याचा रंग मॅट वॉर्निशनंतर लावा, आधी लावलात तर चमक मरते. महिन्यांपूर्वीच्या ट्रॉफीवर तर लाल रक्त नसावंच, तिथे काळपट तपकिरी.

सिटाडेलच्या कवट्यांच्या एका डब्यात ३४० कवट्या येतात. त्या सगळ्या एकाच फौजेवर संपवायच्या असतात असा अनेकांचा समज दिसतो. एका तुकडीत दोघा-तिघांनाच द्या, सरदाराला जास्त.

इतिहासातल्या फौजा

इथे चूक तारखेची होते. वॉटर्लूच्या लढाईतल्या ब्रिटिश स्कॉट्स ग्रेज घोडदळाला गरुडाचा बिल्ला मिळाला तो १८ जून १८१५ ला फ्रेंच ४५व्या रेजिमेंटचा गरुड (निशाण) हिसकावल्यानंतर. त्याच लढाईच्या टेबलावर तो आधीपासून टोपीवर असणं चुकीचं. झुलू फौजेचंही तसंच. २२ जानेवारी १८७९ ला इसांडलवानाला त्यांच्या हाती मार्टिनी-हेन्री रायफली लागल्या आणि मार्चमधल्या खांबुलाच्या लढाईत त्या इंग्रजांवरच चालल्या. पण इसांडलवानाच्याच दिवशी संध्याकाळी रोर्क्स ड्रिफ्टवर चालून गेलेल्या तुकड्या इसांडलवानाच्या लुटीत नव्हत्या, त्यांच्या हाती जुन्याच बंदुका द्याव्यात. रोमन सहायक सैनिकाच्या दातांत शत्रूचं मुंडकं दिलंत तर मात्र कुणी हरकत घेणार नाही. तसं शिल्प ट्राजनच्या स्तंभावर आहे.

मराठ्यांची फौज करणाऱ्यांना आयती ट्रॉफी वसईची. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा आल्या, मेणवलीची आणि नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच. ती मावळ्याच्या हातात देऊ नका, सामानाच्या गाड्यावर ठेवा. आणि १७३९ च्या आधीच्या मोहिमेत तर अजिबात नको.

रणगाडे खेळणाऱ्यांना चिकटवायचंच नसेल तर दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यांसारखे तोफेच्या नळीवर पांढरे पट्टे काढता येतात. एक सामना, एक पट्टा.

नियम

पट्ट्याला लटकवलेली लुटीची बंदूक समोरच्याला तुमचं हत्यार वाटू शकते. जे दिसतं तेच हातात आहे असं मानून खेळणाऱ्यांशी वाद होतो. ती मोडकी दाखवा, नळी कापा, किंवा बेसवर (मिनिएचरच्या पायाखालच्या चकतीवर) टाका. पाठीवरच्या उंच खांबाचंही भान हवं. ४०,००० मध्ये मिनिएचरचा कुठलाही भाग दिसला तरी ते दिसलं असं धरतात, त्यामुळे भिंतीआड लपलेला सरदार त्याच्या मुंडक्यांच्या खांबामुळे गोळी खातो. खांब सुटा ठेवा: २ मिमीचं एक चुंबक पाठीत, एक खांबाच्या बुडाला, चिकटवण्याआधी दोन्हींची बाजू तपासून. घरच्या कपाटात पूर्ण थाट, स्पर्धेला जाताना खांब डब्यात. समोरच्याला मात्र सामना सुरू व्हायच्या आधीच सांगून टाका.