व्हिडिओ बैठकीत बोट दाखवायचे कसे

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतशाळेत, ड्रॉइंगवर चर्चा करताना आपण सहज पडद्यावर बोट टेकवून ‘इथे बघा’ म्हणतो, आमचे कन्नडभाषक सहकारी ‘इल्लि नोडि’ म्हणतात. पण पुण्यात बसलेल्या ग्राहकाला ते बोट दिसतच नाही. म्हणून आधी स्क्रीन शेअर करावी, कर्सर नेमक्या जागी नेऊन स्थिर ठेवावा आणि जागेचे नाव उच्चारावे. मोठ्या ड्रॉइंगच्या कडेला बहुधा अक्षरे व आकडे छापलेले असतात. ‘सी-4 मधले भोक’ एवढे म्हटले की कर्सर उशिरा पोहोचला तरी अडत नाही.

प्रत्यक्ष कास्टिंग (ओतलेला भाग) दाखवायचे असेल, तर बैठकीपूर्वीच खडूने प्रत्येक दोषाभोवती वर्तुळ काढून क्रमांक घालावा. मोबाइलचा मागचा कॅमेरा वापरावा आणि बॅटरीचा उजेड समोरून न टाकता बाजूने तिरपा टाकावा, म्हणजे ब्लोहोलच्या (ओतताना वायू अडकून राहिलेल्या पोकळीच्या) आत सावली पडून खोली कळते. हात भराभर फिरवल्यास चित्र पुसट होते, त्यामुळे प्रत्येक खुणेवर दोन-तीन सेकंद थांबून, समोरच्याकडून तो क्रमांक वदवून घ्यावा.

‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ हे शब्द मी आता पूर्णपणे टाळतो. अनेक ॲपांत स्वतःची प्रतिमा आरशासारखी उलटी दिसते आणि इतरांना सुलटी. या गोंधळात आमच्याकडून एकदा चुकीच्या बाजूचे भोक मोठे केले गेले आणि तो नग भट्टीत परत गेला. ‘फ्लँजच्या (जोडणीसाठी बाहेर आलेल्या कडेच्या) बाजूचे’, ‘रायझरखालचे’ (रायझर म्हणजे साच्यातला जादा धातूचा साठा) असे वस्तूच्याच अंगाने बोलावे.

माणसांच्या बाबतीतही तेच. चेहऱ्यांच्या चौकटींचा क्रम प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळा असू शकतो, म्हणून नुसता हात न करता नाव घेऊन प्रश्न विचारावा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.114 शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब 150 मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषणाला सहसा बाधा येत नाही. त्यापुढे मात्र मान डोलावणे नको त्या वाक्यावर पोहोचू लागते. शिवाय आपल्याकडे मान हलवणे म्हणजे ‘मान्य’ की नुसते ‘ऐकतोय’, हे समोरासमोरही सांगणे कठीण असते. त्यामुळे पॅटर्नमधला (ज्यावरून साचा बनतो त्या नमुन्यातला) बदल ठरवताना मानेवर विसंबू नये. ‘खूण क्रमांक 3, मान्य’ असे तोंडी शब्द मिळाल्यावरच पुढच्या खुणेकडे वळावे.